चुना, कौलं आणि दोघी: घराच्या डागडुजीत फुलणारी हलकीफुलकी क्विअर प्रेमकथा कशी लिहावी

माझ्या पहिल्या खर्ड्यात दोन्ही नायिका भर जुलैत, सिंधुदुर्गातल्या एका घराच्या बाहेरच्या भिंतीला चुन्याचा गिलावा करत होत्या. प्रसंग मला फार आवडला होता. हातावर चुना, गालावर चुना, मागे धो धो पाऊस. गावातल्या ओळखीच्या सुताराला वाचून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, “ह्या दोघींचं जमेल हो, पण गिलावा काय टिकायचा नाय.”

दोन बायकांच्या प्रेमाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार पावसातल्या गिलाव्याबद्दल होती. तेव्हापासून असली क्विअर, म्हणजे समलिंगी किंवा चाकोरीबाहेरच्या प्रेमाची, कादंबरी लिहिताना मी उलट्या टोकानं सुरुवात करते: आधी काम, मग प्रेम. परस्परविरुद्ध स्वभावाची दोन माणसं एका पडक्या घरात अडकवायची आणि घर उभं राहता राहता त्यांचं जुळवायचं, हा साचा जुना आणि भरवशाचा आहे. पण घर खोटं असेल तर जुळणंही खोटं वाटतं. उदाहरण म्हणून माझ्याच कादंबरीतल्या दोघी घेते. मृणाल ही दादरची, वडिलांच्या पश्चात कोकणातल्या घरात हिस्सा मिळालेली. राजश्री ही कोल्हापूरकडची सिव्हिल कंत्राटदार, गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कामासाठी आलेली.

पायरी १: घर आधी, माणसं नंतर

ज्या घरातून तुम्ही डोळे मिटून चालू शकता असं घर निवडा. आजोळ, आत्याचं घर, मित्राचं घर, काहीही चालेल. चौकटीच्या कागदावर नकाशा काढा: खळं, पडवी, ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर, मागची पडवी, विहीर. मग प्रत्येक खोलीपुढे तीन गोष्टी लिहा. इथं मोडलंय काय? ते दुरुस्त कसं होतं? आणि ते करताना दोघींना कोणता निर्णय मिळून घ्यावा लागेल?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नुसती दुरुस्ती ही माहिती झाली, निर्णय आला की प्रसंग झाला. माझ्या घरातली बाळंतिणीची खोली अंधारी, बिनखिडकीची आहे. मृणालला तिथं न्हाणीघर हवंय. राजश्री म्हणते, पाण्याचा उतार उलट्या बाजूला आहे, सांडपाणी काय देवघरातून नेणार? यावर दोन पानं भांडण होतं. त्या भांडणात मृणालच्या तोंडून निघून जातं की तिचा जन्म याच खोलीतला. राजश्रीला ते माहीत नव्हतं. वाचकालाही नव्हतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. परदेशी प्रेमकथांत ‘खोलीत पलंग एकच’ हा हुकमी प्रसंग असतो. कोकणातल्या माजघरात तो चालत नाही, कारण तिथं पलंगच नसतो. दहा माणसं ओळीनं चटया टाकून झोपतात आणि त्यात कुणाला रोमांच उठत नाहीत. मी बरेच दिवस यावर डोकं खाजवलं. मग अर्धी कौलं उतरवलेली असताना वळवाचा पाऊस आणला. सगळं घर गळतंय आणि न गळणारा कोपरा एकच. तिथं भाताची पोती, गॅसची शेगडी, मृणालचा लॅपटॉप आणि त्या दोघी.

पायरी २: विरुद्ध म्हणजे नेमकं कशात?

शहरी विरुद्ध गावठी, शिकलेली विरुद्ध अडाणी, हे इथंच सोडून द्या. त्यात एकजण कायम शिकवते आणि दुसरी कायम शिकते. दोन प्रकरणांत वाचकाला कंटाळा येतो. तांबडा-पांढरा रस्सा विरुद्ध सोलकढी हा सामनाही एका जेवणापुरता ठीक. त्यापुढे गेलात तर कादंबरीची पर्यटन पुस्तिका होते.

विरोध स्वभावात आणि धंद्यात, दोन्हीकडे हवा. मृणालला काही फेकवत नाही. गंजक्या खिळ्यांचा डबासुद्धा ती तीनदा कचऱ्यातून परत आणते. राजश्री आधी पाडते, मग विचार करते. धंद्यातला वाद चुना विरुद्ध सिमेंट असा आहे, आणि तो खरा वाद आहे. चुन्यात बांधलेल्या जुन्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आतच कोंडते आणि पुढे पोपडे निघतात. इथं मृणाल बरोबर. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला वेळ लागतो. तो नीट विरवणारे, मळणारे आणि लावणारे गवंडी सहज मिळत नाहीत. शौचालयाची टाकी तर सहसा सिमेंटातच बांधतात. इथं राजश्री बरोबर.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा. कोण कधी बरोबर ठरलं त्याची नोंद ठेवा. पहिल्या दहा प्रकरणांत प्रत्येकीच्या नावावर निदान तीन गुण हवेत. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात राजश्रीचे नऊ आणि मृणालचा एक होता. वाचणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं, “ही मृणालमध्ये पाहते तरी काय?” रकाने बघितले तेव्हा तिचं म्हणणं पटलं.

पायरी ३: कामाचं वेळापत्रक हेच कथानक

कोकणातल्या घराला दोन घड्याळं असतात आणि दोन्ही लेखकाला फुकट मिळतात. पहिलं मृग नक्षत्र, म्हणजे साधारण ७ जून. त्याआधी घर शाकारून, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवून, झालंच पाहिजे. दुसरं गणपती. तोवर चुलत-मावस सगळे चाकरमानी घरात उतरणार, मग भिंती ओल्या असोत की सुक्या.

काम शिमग्यानंतर सुरू करा, कादंबरीचे तीन भाग आपोआप पडतात. पहिला भाग मृगापर्यंतचा: बाहेरची कामं, छप्पर, आवारात गवंडी, सुतार, मजूर. दोघींना एकमेकींशी धड बोलायलाही मिळत नाही, आणि ओढ वाढायला हे बरं असतं. दुसरा भाग पावसाचा. मजूर लावणीला शेतावर जातात, कामावर कुणी फिरकत नाही, कामाला दोघीच उरतात. हा एकांत ओढूनताणून आणावा लागत नाही, भातशेतीच तो आणून देते. तिसरा भाग गणपतीचा: घरात तीस माणसं, गणपतीवर टांगायच्या माटवीला फळं बांधायची घाई, रात्री भजन, आणि महत्त्वाचं बोलायला विहिरीच्या मागं सोडून कुठंही जागा नाही. घाटात दरड कोसळून राजश्री अडकणं हा प्रसंग एकदाच वापरा. दुसऱ्यांदा दरड कोसळली तर ती लेखकाच्या डोक्यावर कोसळली असं समजा.

प्रत्येक कामाची नीट माहिती काढा, पण कादंबरीत तिचा दहावा भागच येऊ द्या. शाकारणीचा प्रसंग मी कसा बांधला ते दाखवते.

मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला काढला. जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, ते मृणाल फडक्यानं पुसून वाचत बसते. राजश्रीला वेगळाच हिशेब पडलाय. शंभर चौरस फुटांना अंदाजे दीडशे कौलं, छप्पर बाराशे फुटांचं, म्हणजे अठराशे. एकेक अडीच किलोच्या आसपास. सगळी उतरवायची, निवडायची, धुवायची, वासे-रिपा बदलून पुन्हा चढवायची. निवड कानानं होते. कौल एका हातात उभं धरून बोटाच्या पेरानं टकटक करायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं. बारीक तडा गेलेलं डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा आवाज बसका येतो.

राजश्री हे मृणालला शिकवते. पहिल्या पन्नासांत मृणालची सतरा चुकतात. दुपारी ती डोळे मिटून वाजवायला लागते आणि एकही चुकत नाही. संध्याकाळी राजश्री मुद्दाम एक तडकलेलं कौल चांगल्या ढिगात ठेवते. मृणाल ते ओलांडून जाते, थबकते, मागं येऊन उचलते आणि काही न बोलता बाजूला ठेवते. राजश्री त्या रात्री मुक्कामाच्या जागी जाऊन बराच वेळ जागी राहते. प्रसंग एवढाच. त्यात ‘प्रेम’ हा शब्द नाही, स्पर्शही नाही. एक माणूस दुसऱ्याच्या कामाकडे आदरानं बघतंय, आणि या प्रकारच्या कादंबरीत प्रेम तिथूनच सुरू होतं.

आता मोहाची जागा. खाणीतून नुकताच काढलेला चिरा तुलनेनं मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. हे वाक्य एखाद्या पात्राच्या तोंडी मनाची उपमा म्हणून घालायला हात शिवशिवतील. घालू नका. गवंडी चिऱ्याबद्दल बोलतो तेव्हा तो चिऱ्याबद्दलच बोलत असतो.

पायरी ४: सर्वनामं, क्रियापदं आणि ‘तुम्ही’चं ‘तू’

दोन्ही पात्रं एकाच लिंगाची असली की मराठी लगेच कोड्यात टाकते. “तिनं तिचा हात धरला.” कुणी कुणाचा? “त्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो हसला.” हसला कोण? यावर ‘उंच मुलीनं’, ‘कुरळ्या केसांच्या तरुणानं’ असले उतारे काढणारे लेखक आहेत. ते मराठीत फार भोंगळ वाटतात. आपल्या प्रेमाच्या माणसाला मनातल्या मनात ‘कुरळ्या केसांचा तरुण’ कोण म्हणतं?

मला चार गोष्टी उपयोगी पडल्या. एक, ‘आपला’ हा शब्द. “तिनं आपला हात पुढं केला” म्हटल्यावर शंका राहत नाही. दोन, नाव घ्यायला लाजू नका, वाचकाच्या डोळ्यांना नाव खुपत नाही. तीन, कर्ता गाळा. “शिडी धरली. वर बघितलं नाही.” प्रसंग एकीच्या डोळ्यांतून चाललाय हे पक्कं असेल तर एवढं पुरतं. चार, एकीला ‘मी’ द्या. मी आणि ती, गोंधळ संपला. मी शेवटी आलटून पालटून दोघींची प्रथमपुरुषी प्रकरणं केली आणि तिथंच गंमत सापडली.

कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मृणाल ‘मी आले’ म्हणते. आणि घरातली मालवणी काकी तरुण मुलीला नपुंसकलिंगात बोलते: “ह्यां चेडू खयचां गो?”, म्हणजे ही मुलगी कुठली गं? एका ओटीवर तीन बायका, तिघींच्या तोंडी लिंगाचा हिशेब तीन तऱ्हेचा, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. क्विअर कादंबरीला यापेक्षा चांगली भेट कोणती भाषा देईल? फक्त ते समजावून सांगू नका. राजश्रीच्या पहिल्या प्रकरणात ‘मी घाट उतरलो’ वाचून वाचक पानभर गोंधळला तर गोंधळू दे. मात्र त्याचं रहस्य करून शेवटी धक्का द्यायला जाऊ नका, कारण ती राजश्रीची रोजची बोली आहे.

दुसरं हत्यार म्हणजे ‘तुम्ही’. इंग्रजी प्रेमकथेला ते नाही, आपल्याला आहे. राजश्री गिऱ्हाईकाला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणणार. मृणाल तिला ‘राजश्रीताई’. ‘तू’ कोणत्या पानावर येतो ते लिहायला बसण्याआधी ठरवा, आणि तो घाईत, नकळत येऊ द्या. माझ्याकडे शिडी घसरते आणि राजश्री ओरडते, “धर की गं! बघतीस काय नुसती!” दोघी खाली आल्यावर ती ओशाळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा “मॅडम, वाळूची गाडी आली” सुरू होतं. त्या परतलेल्या ‘मॅडम’नं मृणालचा जो चेहरा पडतो, त्यासाठी मी वेगळं वाक्य लिहिलं नाही. पुढं कधीतरी तिसऱ्या भागात, भरल्या घरात मृणाल थट्टेनं “अहो, ऐकलंत का?” म्हणून हाक मारते. माजघरातल्या चार आत्या-काकू सवयीनं मान वळवतात आणि राजश्रीच्या हातातून खवणी पडते.

पायरी ५: हसू कुणावर, आणि अडचण कसली

मराठीत असं पात्र आलं की त्याच्या नशिबी बहुधा सोसणंच. विजय तेंडुलकरांच्या १९८१ सालच्या ‘मित्राची गोष्ट’ नाटकातली समलिंगी सुमित्रा शेवटी जीव देते. त्या काळी ते नाटक लिहायलाच छाती लागत होती, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपण हलकीफुलकी कादंबरी लिहितोय आणि वाचकाशी पहिल्या पानावर करार केलाय: यात कुणी मरणार नाही, कुणाला घरातून हाकलणार नाहीत.

याचा अर्थ जग गोड आहे असं दाखवायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. राजश्री-मृणालला हे दोन्ही ठाऊक आहे. त्या ते रोज बोलत बसत नाहीत, जसं आपण रोज आपल्या घरभाड्याच्या करारावर बोलत नाही.

विनोद त्यांच्या असण्यावर नको, असण्याभोवतीच्या धांदलीवर हवा. सगळा गाव मृणालसाठी स्थळं आणतो आणि प्रत्येक स्थळ घर बघायला म्हणून येऊन राजश्रीला फुकटचे सल्ले देऊन जातं. एकजण ‘वास्तू’ सांगतो, एकजण पत्र्याचं छप्पर सुचवतो. तिसरा बरा असतो, चार वासे उचलू लागतो, चहा पितो आणि जाताना राजश्रीला हळूच म्हणतो, “तुमच्यात मी कुठं येऊ?” ह्या तिसऱ्यावर वाचक जीव लावतात.

आणि काकी. स्वीकाराचं भाषण तिला देऊ नका. कोकणातली ऐंशीची बाई “मला तुमचं नातं मान्य आहे” असं म्हणत नसते. माझी काकी सगळा पावसाळा काही बोलत नाही. गणपतीच्या आदल्या रात्री पाहुण्यांना अंथरुणं-पांघरुणं वाटताना मच्छरदाण्या कमी पडतात. ती दोघींकडे न बघता म्हणते, “ह्या दोघींका एकच पुरे,” आणि पुढं जाते.

पायरी ६: मधलं भांडण

पाऊण कादंबरी झाली की दोघींचं बिनसलं पाहिजे. एका फोननं मिटेल असलं भांडण नको, आणि ‘तिला कुणाबरोबर तरी पाहिलं’ हे तर मुळीच नको. घरातूनच भांडण काढा. जुन्या घराला वारस अनेक असतात. २००५ च्या दुरुस्तीमुळे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, म्हणून मृणालच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. चुलतभावानं एका रिसॉर्टवाल्याकडून विसार घेतलाय. मृणालनं अजून सही केलेली नाही, नाही असंही म्हटलेलं नाही. निर्णय ढकलणं हा तिचा स्वभावच आहे. विसारपावती तिनं कुठं ठेवलीय? गंजक्या खिळ्यांच्या डब्यात. आणि तो डबा राजश्री एकदाचा फेकायला निघते.

इथं दोघींची बाजू खरी असते. राजश्रीनं कित्येक महिने राबून जे घर उभं केलं ते बुलडोझरखाली जाणार, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मृणालला वडिलांचं घर आणि बँकेतली शिल्लक यांपैकी एक निवडायचंय. स्वभावाचा दोष पहिल्या भागात हसवतो, तिसऱ्यात तोच दुखावतो. असं झालं की बांधणी नीट झाली समजा.

जवळिकीच्या प्रसंगांबद्दल थोडंच. किती दाखवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण कळीच्या चुन्याचे हात घेऊन कुणी कुणाला कवटाळू नका. तो पाण्यात पडला की फसफसतो, उकळतो, आणि कातडी भाजते. आधी हात धुवायला लावा. विहिरीवर एकमेकींच्या हातावर पाणी ओतणं हाच प्रसंग पुरेसा आहे.

पायरी ७: शेवट

लग्नाचा मांडव कायद्यात नाही, मग ‘आणि त्या सुखानं राहू लागल्या’ हे दाखवायचं कसं? कागदावर दाखवा, मराठी माणसाचा कागदावर फार विश्वास. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं की क्विअर व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. माझ्या दोघी घराच्या उरलेल्या कामासाठी तालुक्याच्या बँकेत खातं उघडायला जातात. अर्जात ‘नाते’ असा रकाना आहे. काउंटरमागच्या बाईंना जेवायची सुट्टी गाठायचीय. राजश्री ‘कंत्राटदार’ लिहिते. मृणाल ते खोडून ‘घरची’ लिहिते. बाई चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, “खाडाखोड चालत नाही, दुसरा अर्ज भरा.”

पायरी ८: हिशेब आणि फेरतपासणी

तीस प्रकरणं, प्रत्येकी अठराशे शब्द, म्हणजे चोपन्न हजार. रोज सहाशे लिहिलेत तर नव्वद दिवस. शिमग्याला बसलात तर मृगाच्या आसपास पहिला खर्डा होतो आणि तुमच्या डोक्यावरचं छप्परही एव्हाना बघायला झालेलं असतं.

मग खर्डा तिघांना द्या. एक क्विअर वाचक, ज्याला ‘हे असं होत नाही’ म्हणायची पूर्ण मोकळीक असेल. एक त्या बोलीचा माणूस. माझी राजश्री सुरुवातीला दर वाक्याला ‘लई’ आणि ‘नाद खुळा’ म्हणत होती, कोल्हापूरच्या मैत्रिणीनं बत्तीस ठिकाणी लाल रेघ मारली. तिसरा म्हणजे काम जाणणारा. मी तिसरा खर्डा घेऊन पुन्हा त्याच सुताराकडे गेले. त्यानं चार दिवस ठेवून घेतला. परत देताना म्हणाला, देवघराचं दार अकराव्या प्रकरणात आत उघडतं आणि चौदाव्यात बाहेर. आत उघडलं तर समईला लागेल.

चौदावं तसंच ठेवून अकरावं बदललं.